कपाळावरची राख आणि मत्तयचा सहावा अध्याय: श्रद्धा दिसावी की दिसू नये?

बावखल
दर वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, मला एक प्रश्न पडतो आणि तो इथे सविस्तर मांडावा असे बरेच दिवस मनात होते. त्या दिवशी मिस्सेत, म्हणजे आमच्या कॅथलिक उपासनेत, मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचला जातो. दान करताना कर्णा वाजवू नका, प्रार्थना आतल्या खोलीत दार लावून करा, उपवास करताना तोंड उतरवून बसू नका, उलट डोक्याला तेल लावा आणि तोंड धुवा, असे प्रभू येशू त्यात स्पष्ट सांगतात. त्यावरचे प्रवचन संपते न संपते तोच आम्ही रांगेत उभे राहतो, मागच्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख फादर आमच्या कपाळावर क्रुसाच्या आकारात लावतात, आणि तो क्रूस तसाच घेऊन आम्ही वसईहून लोकल पकडून कामाला जातो.

वाचन एक सांगते आणि आम्ही त्याच्या अगदी उलट करतो, असे मला वाटत राहते. राख हे केवळ निमित्त आहे. उपवासकाळात काय सोडले हे व्हॉट्सअॅपच्या स्टेटसवर टाकणारे आहेत. चर्चमधल्या बाकावर देणगीदाराचे नाव कोरलेले असते. मुलांच्या पहिल्या कम्युनियनला, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या विधीला, हॉल, केक आणि फोटोग्राफर यांची तयारी महिनोन् महिने चालते, आणि मुलाला पापनिवेदनाची प्रार्थना मात्र आदल्या रात्री घाईघाईने पाठ करवली जाते. माझा कल असा आहे की श्रद्धेचे जे जे दिसते ते कमी करावे आणि जे दिसत नाही ते वाढवावे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहावे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांमधल्या सभासदांचे अनुभवही वाचायला आवडतील.

केळफूल
मी राख पुसत नाही. ऑफिसात त्या एका दिवशी लोक मला माझ्या धर्माबद्दल विचारतात, आणि कपाळावर क्रूस असताना कुणावर खेकसणे मला जमत नाही. माझ्यापुरता तो लगाम आहे, दागिना नाही.

नगरी
आमच्या मंडळीत राखेचा विधी नाही, पण दिखाव्याचा प्रश्न आमच्याकडे वेगळ्या दाराने येतो. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत हंगामाचा सण होतो. लोक आपापल्या शेतातले पहिले पीक, शेंगा, भोपळे, ज्वारी, कोंबड्या देवाला अर्पण म्हणून आणतात आणि उपासनेनंतर त्या वस्तूंचा लिलाव होतो. लिलाव पुकारणारा प्रत्येक बोलीबरोबर बोली लावणाऱ्याचे नाव घेतो, टाळ्या पडतात. एकच नारळ चार वेळा विकला जातो, कारण घेणारा तो पुन्हा अर्पण करतो आणि बोली नव्याने सुरू होते.

एका सणाला एक म्हातारी बाई अंडी घेऊन आली होती. फुटू नयेत म्हणून तिने ती जुन्या डब्यात बाजरी भरून तिच्यात रोवून आणली होती. अंडी लिलावात गेली, मुंबईहून आलेल्या एका गृहस्थांनी ती बाजारभावाच्या कितीतरी पट रकमेला घेतली, त्यांचे नाव तीनदा पुकारले गेले आणि पाळकसाहेबांनी त्यांच्यासाठी विशेष प्रार्थना केली. अंडी कुणी आणली हे कुणीच विचारले नाही. बाई मात्र रिकामा डबा परत मिळेल का म्हणून मागे थांबली होती. मार्कच्या बाराव्या अध्यायात विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांचे तिचे दान येशूने सर्वांत मोठे ठरवले त्याची, गोष्ट आहे, ती आम्हा सर्वांना तोंडपाठ असते. तरीही ते घडत होते आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवत होतो.

पिंपळपार
नगरी, प्रसंग मनाला लागला, पण त्यातून लिलावच वाईट असा निष्कर्ष काढू नये. मी एका लहान मंडळीचा खजिनदार होतो. परदेशी मिशनचा पैसा केव्हाच थांबला आहे. पावसाळ्यापूर्वी पत्रे बदलायचे, पाळकांचा पगार द्यायचा, मुलांची शिबिरे घ्यायची, हे सारे मुख्यतः या एका सणावर चालते. नावे पुकारली नाहीत तर निम्मी रक्कमही जमत नाही, हे मी पाहिलेले आहे.

आणि पवित्र शास्त्रही सरसकट गुप्ततेच्या बाजूचे नाही. जुन्या करारातल्या 'पहिला इतिहास' या पुस्तकाच्या २९व्या अध्यायात दावीद राजाने मंदिरासाठी स्वतः काय दिले हे साऱ्या सभेपुढे सांगितले, मग सरदारांनी दिले, आणि ते पाहून लोकांना आनंद झाला. एकाचे देणे पाहून दुसऱ्याचा हात सैल होतो. यात पाप कुठे आहे?

ओसरी
पिंपळपार, याला जोडून जुन्या करारातल्या 'गणना' या पुस्तकाचा सातवा अध्यायही पाहावा. बारा वंशांचे बारा सरदार बारा दिवस आपापली अर्पणे आणतात आणि प्रत्येकाचे नाव घेऊन त्याच्या अर्पणाची संपूर्ण यादी दिलेली आहे. वाचणारा कंटाळतो, कारण बाराही याद्या शब्दशः सारख्या आहेत: तेच १३० शेकेल वजनाचे रुप्याचे ताट, तोच ७० शेकेलांचा कटोरा, तीच जनावरे. मला त्या कंटाळवाणेपणातच महत्त्वाचे काही दिसते. नावे जाहीर आहेत, पण कुणी कुणाहून मोठा ठरत नाही. तुमच्या लिलावात नाव आणि रक्कम एकत्र पुकारली जाते आणि तिथे चढाओढ सुरू होते. नगरींनी सांगितलेल्या प्रसंगात खटकते ती जाहीरता नव्हे. एकाला जाहीर केले गेले आणि दुसरीला नाही, हे खटकते.

नगरी
ओसरी, हे मला पटले. बाईचेही नाव पुकारले असते तर माझी तक्रार उरली नसती.

संध्याराग
मी ख्रिस्ती नाही, पण धागा आस्थेने वाचते आहे. आमच्याकडे संतांनी टिळे, माळा आणि भगव्या कपड्यांच्या आडून चालणाऱ्या ढोंगावर इतके कोरडे ओढले आहेत की हा प्रश्न मला अजिबात परका वाटत नाही. त्याच संतांनी गळ्यातली तुळशीची माळ मात्र काढली नाही आणि वारीही सोडली नाही. म्हणजे चिन्ह त्यांना नकोसे नव्हते. ख्रिस्ती परंपरेत या दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदतात, हे कुणी जाणकाराने लिहावे.

जुनी वही
संध्याराग, तुमच्या प्रश्नाला महाराष्ट्रातच उत्तर आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक सांगत असत. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी नवऱ्यापाठोपाठ लगेच बाप्तिस्मा घेतला नाही. मनातले सोवळे-ओवळे सुटेपर्यंत त्या थांबल्या आणि १९०० साली त्यांनी तो घेतला. त्या काळी एका स्त्रीने केवळ घरातली सोय म्हणून पाण्याखाली डोके धरले असते तर कुणी नाव ठेवले नसते. त्यांनी बाहेरच्या विधीला आतल्या निर्णयाची वाट पाहायला लावली, आणि विधीचा याहून मोठा मान मला ठाऊक नाही.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या भगिनींना (नन्सना) वाटे की रमाबाई खरोखर ख्रिस्ती झाल्या असतील तर ते त्यांच्या ताटात आणि पेहरावातही दिसायला हवे. रमाबाई शाकाहारी होत्या आणि शाकाहारीच राहिल्या. हा जातीचा अभिमान असल्याचा ठपका त्यांच्यावर आला, तेव्हा आपण हिंदू आहोत आणि पूर्वजांच्या चालीरीती शक्य तितक्या पाळतो, असे त्यांनी पत्रात निक्षून लिहिले. म्हणजे बाह्य खुणांवरून अंतःकरण तपासायची सवय ढोंग्यांनाच असते असे नाही; अत्यंत प्रामाणिक, सेवाभावी माणसांनाही ती लागते आणि ती समोरच्याला जखमी करते.

पुढे १९०७ साली आपली साक्ष, म्हणजे श्रद्धेच्या अनुभवाचे निवेदन, लिहिताना याच रमाबाईंनी मात्र स्वतःबद्दल कठोर विधान केले. बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त सापडला नव्हता, अशा आशयाचे ते शब्द आहेत. दुसऱ्यांनी त्यांना जे विचारले ते त्यांनी नाकारले, आणि जे कुणी विचारलेच नव्हते ते स्वतः होऊन सांगितले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली आणि विधवा सांभाळत असताना त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरवत राहिल्या. ते काम १९२२ साली मृत्यूच्या अगदी आधी संपले आणि छापील ग्रंथ नंतर निघाला. छापलेल्या पुस्तकाचे कौतुक त्यांनी ऐकलेच नाही.

आणि टिळकांनी तर १९१७ साली मिशनची नोकरी सोडून संन्यासी वृत्ती धरली आणि 'देवाचा दरबार' उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. त्यांनी खुणा टाकल्या नाहीत, तर अभंग, कीर्तन आणि संन्याशाची राहणी या इथल्या मातीतल्या खुणा घेतल्या. श्रद्धेला रूप लागतेच. ते उसने असेल तर माणूस त्यात वावरताना अवघडतो, आणि ते अवघडलेपण पाहणाऱ्याला खोटे वाटते.

घंटानाद
जुनी वही, प्रतिसाद उत्तम आहे, पण देवाच्या दरबाराविषयी माझे मत वेगळे आहे. बाप्तिस्म्याची अट सैल केली की श्रद्धा सर्वस्वी खासगी होते आणि तिची किंमत मोजावी लागत नाही. टिळक पतिपत्नींनी ती किंमत मोजली, नातेवाईक तुटले, घर दुरावले. तीच त्यांच्या खरेपणाची साक्ष होती. ज्याला 'मनातून ख्रिस्तभक्त' राहायचे आहे त्याला कधीही परत फिरता येते.

जुनी वही
घंटानाद, ज्याने किंमत मोजली त्यानेच इतरांसाठी दार उघडे ठेवले, याला मी जास्त महत्त्व देतो. पण तुमचा आक्षेप हलका नाही, हे मान्य आहे.

दूरदेशी
मी कामानिमित्त कतारला आहे. दोहामध्ये शहराबाहेर चर्चसाठी दिलेल्या जागेत आमचे कॅथलिक चर्च २००८ साली उघडले. बाहेरून पाहिले तर इमारतीवर क्रूस नाही, घंटा नाही, मनोरा नाही, कारण तशी परवानगी नाही. साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी, म्हणून मोठी गर्दीही शुक्रवारच्या मिस्सेला. इथे भारतातले, फिलिपाइन्सचे, आफ्रिकेतले कामगार बसने येतात.

बावखल, दिसणारे कमी करावे असे तुम्ही म्हणता. इथे ते कायद्यानेच कमी केलेले आहे, आणि त्यामुळे आमची श्रद्धा आपोआप शुद्ध झाली असे मात्र मी म्हणणार नाही. आत आल्यावर कुणाचे गायन चांगले, कुणाचा गट मोठा, कोणत्या भाषेला सणाच्या दिवशी सोयीची वेळ मिळाली, यावरून रुसवेफुगवे होतातच. दिखाव्याला क्रूस लागत नाही, प्रेक्षक लागतात, आणि ते चार भिंतींच्या आतही मिळतात. आणि वसईतल्या वाटेवरचा, हार घातलेला क्रूस सुट्टीत दिसतो तेव्हा मला त्यात कुणाचाही तोरा दिसत नाही, घरी आल्यासारखे वाटते.

पिंपळपार
दूरदेशींच्या शेवटच्या वाक्याला माझे अनुमोदन. वाटेवरचा क्रूस कुणा एकाचा नसतो.

शेवंती
आतापर्यंत सर्वांनी पैसा आणि चिन्हे यांबद्दल लिहिले, भावनांच्या प्रदर्शनाबद्दल कुणी लिहिले नाही. मी काही वर्षे एका प्रार्थनासभेला जात होते, जिथे मोठ्याने रडणे, हात उंचावणे आणि दर आठवड्याला नवी साक्ष देणे यावरून माणसाची आध्यात्मिक उंची ठरत असे. माझी आई मनातल्या मनात प्रार्थना करणारी. तिच्यावर पवित्र आत्मा उतरला नाही म्हणून तिच्या डोक्यावर हात ठेवून सगळ्यांनी आरडाओरडा केला. ती घरी येऊन एवढेच म्हणाली की देव बहिरा नाही. त्यानंतर आम्ही दोघी तिथे गेलो नाही. तिथल्या लोकांना मी ढोंगी म्हणणार नाही. एकाचा खरा अनुभव दुसऱ्यावर नियम म्हणून लादला गेला, एवढेच झाले.

घंटानाद
शेवंती, तुमच्या आईंशी जे झाले ते चुकीचेच होते. तरी मोठ्याने रडणाऱ्यांची बाजूही मांडावीशी वाटते. १९०५ साली मुक्ती मिशनमध्ये जे जागृतीचे वारे आले तेव्हा मुली तासन् तास रडत, मोठ्याने पापे कबूल करत. त्यावरही टीका झाली. पण दुष्काळात आईबाप गेलेल्या, रस्त्यावर काय काय भोगलेल्या त्या मुलींना आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने रडायची जागा मिळाली होती, हे टीकाकारांनी ध्यानात घ्यायला हवे होते. शांत भक्ती सभ्य दिसते म्हणून ती अधिक खरी, असे समजण्यातही एक प्रकारचे दिसणेच आहे.

शेवंती
हा मुद्दा मी कधी असा पाहिला नव्हता. धन्यवाद.

ओसरी
मूळ प्रश्नाकडे येतो. आतले आणि बाहेरचे यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, तिला कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट या दोन्ही परंपरांच्या मूळ लेखनात फारसा आधार नाही. प्रॉटेस्टंट चळवळीचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर यांनी १५१७ साली जे ९५ सिद्धांत मांडले, त्यांतला पहिला सांगतो की विश्वासणाऱ्याचे सारे आयुष्यच पश्चात्तापाचे असावे. लोक इथे थांबतात. तिसरा सिद्धांत सांगतो की हा पश्चात्ताप केवळ आतला नव्हे. देहाला शिस्त लावणारे काही बाहेर प्रकट होत नसेल तर आतला पश्चात्तापही व्यर्थ आहे. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयी जो दस्तऐवज मंजूर केला त्याच्या ११०व्या परिच्छेदात हेच जवळजवळ त्याच शब्दांत आले आहे: उपवासकाळातले प्रायश्चित्त केवळ आंतरिक आणि वैयक्तिक नको, ते बाह्य आणि सामाजिकही असावे. साडेचारशे वर्षे ज्यांनी एकमेकांवर दिखाव्याचे आणि कोरडेपणाचे आरोप केले, त्या दोघांचे इथे एकमत आहे.

संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीचा ४९वा अध्यायही उपयोगी आहे. उपवासकाळात कमी खाणे, कमी झोपणे, कमी बोलणे असे जे काही एखादा साधू स्वतःहून वाढवील, ते त्याने मठाधिपतींना आधी सांगून त्यांच्या संमतीने करावे, नाहीतर ते अहंकारात जमा होईल, असे त्यात म्हटले आहे. गुप्ततेतही अहंकार वाढतो, हे त्यांना सहाव्या शतकात ठाऊक होते. उपाय म्हणून त्यांनी ना चव्हाटा सांगितला ना बंद खोली, तर एक जाणता माणूस सांगितला, जो तुम्हाला ओळखतो आणि ज्याच्यापुढे बढाई चालत नाही.

आणि त्याच डोंगरावरच्या प्रवचनात, सहाव्याच्या आधीच्या पाचव्या अध्यायात, तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या, असेही आहे. तिथे हेतू दिलेला आहे: लोकांनी तुमची सत्कर्मे पाहून स्वर्गातल्या पित्याचा गौरव करावा. दिसावे की नाही यापेक्षा पाहणाऱ्याची नजर कुणाकडे वळते, हा खरा कस आहे. दोहातल्या गायनाबद्दल, नगरकडच्या लिलावाबद्दल आणि राखेबद्दल मला हाच एक प्रश्न विचारावासा वाटतो.

केळफूल
राखेपुरते सांगायचे तर ती दिवसभर ठेवावी असा कोणताही नियम नाही. इटलीत ती बहुतेक ठिकाणी कपाळावर न लावता डोक्यावर भुरभुरतात, आणि थोड्या वेळाने ती दिसतही नाही. शिवाय ती लावताना फादर जे म्हणतात ते 'तू माती आहेस आणि पुन्हा मातीला मिळशील' असे असते. असे वाक्य कपाळावर घेऊन फुशारकी मारणे अवघडच आहे.

बावखल
सर्वांचे मनापासून आभार. दिसणारे सरसकट कमी करावे हे माझे मत आता तितके पक्के राहिलेले नाही. ओसरींचा कस आणि दूरदेशींचे 'प्रेक्षक' हे दोन्ही मुद्दे मला पटले. राख पुसायची की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे, पण पहिल्या कम्युनियनच्या खर्चाबद्दल माझे मत बदललेले नाही. ज्या घरात कर्ज काढून हॉल घेतला जातो आणि ज्या घराला तो परवडत नाही म्हणून मूल हिरमुसते, त्या दोन्ही घरांत ख्रिस्तप्रसादापेक्षा हॉल मोठा झालेला असतो. एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) सर्व मुलांना सारखे पांढरे कपडे आणि मिस्सेनंतर आवारातच सर्वांना एकत्र नाश्ता, असे ठरवले आहे. ओसरींनी सांगितलेल्या बारा सारख्या ताटांची मला त्यावरून आठवण झाली. आमच्याकडेही हा विषय पालकसभेत मांडणार आहे.

नगरी
आमच्या पंचांच्या बैठकीत मीही एक सूचना देणार आहे: अर्पणाची वस्तू पुकारताना आधी ती आणणाऱ्याचे नाव घ्यावे, आणि लिलावातल्या रकमा मंडळीपुढे एकत्रित सांगाव्यात. पिंपळपार, तुम्ही हिशेब पाहिलेला आहे. नावानिशी रकमा वाचल्या नाहीत तर पुढे हिशेबावर संशय घेतला जाईल का, एवढे सांगा.

पिंपळपार
नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदणी असलेल्या संस्थेला हिशेब ठेवणे आणि त्यांची तपासणी करून घेणे बंधनकारक आहे, पण त्यासाठी कुणाचे नाव ध्वनिवर्धकावरून घ्यावे लागत नाही. प्रत्येकाला पावती द्या, पावतीपुस्तकाची स्थळप्रत जपून ठेवा, आणि सणाच्या दुसऱ्या रविवारी एकूण जमा आणि खर्चाचे आकडे फलकावर लावा. ज्याला शंका असेल त्याने खजिनदाराकडे येऊन स्वतःची नोंद पाहावी. रक्कम पहिल्या वर्षी थोडी घटेल, त्याची तयारी ठेवा आणि पत्र्यांचे काम त्याच वर्षी काढू नका.

नगरी
पत्रे मागच्याच वर्षी बदलले आहेत. सूचना लेखी देतो आहे.